डबीवर वेळ लिहिणाऱ्या लॅबमधल्या ताईंस

ताई, सप्रेम नमस्कार.

लघवीला जळजळ, सारखी घाई, ओटीपोटात दुखणं घेऊन ओपीडीत येणाऱ्यांना गोळ्या आम्ही लिहून देतो, पण त्या योग्य निघतात त्यात तुमचा वाटा मोठा. म्हणून हे जाहीर आभार.

लघवीच्या नमुन्याची डबी देताना तुम्ही प्रत्येकाला बजावता: पाण्याने धुऊन घ्या, पहिली धार सोडून द्या, मधली धरा, झाकणाला आतून बोट लावू नका. हे कुणी सांगितलंच नाही तर नमुन्यात त्वचेच्या पेशी उतरतात, कल्चरवर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, तीन-चार जातींचे जंतू उगवतात आणि रिपोर्ट येतो 'मिक्स्ड ग्रोथ'. त्यावरून काय औषध देणार? पेशंटचे पैसे आणि दोन दिवस मात्र जातात.

डबीवरच्या वेळेची किंमत नाशिकच्या एप्रिलात कळते. दिंडोरी-निफाडहून एसटीत, पिशवीत तापत आलेल्या लघवीत ई. कोलाय हे जंतू वाढतच राहतात. दोन तास उलटले की मिलिलिटरला एक लाख जंतूंचा आकडा मूत्राशयातला की पिशवीतला, कोण सांगणार! फ्रीजमध्ये ठेवलेला नमुना २४ तास चालतो, हेही तुम्हीच समजावता. नाहीतर डबी सरळ परत, नवी हातात. लोक कुरकुरतात, आमच्याकडे तक्रारही करतात. आम्ही तुमच्याच बाजूचे.

तुमचा एक प्रश्न तर सोन्याचा: "मेडिकलमधून आणून काही घेतलंय का?" नॉरफ्लॉक्स या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या पोटात गेल्या असतील तर पस सेल्स (पू-पेशी) भरपूर दिसूनही कल्चर कोरं येऊ शकतं. फॉर्मवर तुम्ही गोळीचं नाव लिहिता, त्यामुळे तो कोरा रिपोर्ट वाचून आम्ही फसत नाही.

गरोदर नसलेल्या बाईला साधा, ताप नसलेला त्रास असेल तर कल्चरविनाही नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकची ३ ग्रॅमची एकच पुडी बहुधा पुरते. पण पुरुष, गरोदर बाया, पुन्हापुन्हा त्रास होणारे, आणि थंडी-ताप व कमरेच्या वर पाठीत दुखणारे, यांचं कल्चर पहिल्या गोळीआधीच हवं. किडनीपर्यंत पोचलेल्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन पुरत नाही. असा पेशंट आला की तुम्ही रांग मोडून त्याला पुढे घेता, हे आमच्या ध्यानात आहे.

तुमच्या सूचना केसपेपरच्या मागे छापायच्या म्हणतो. छापण्याआधी मजकूर एकदा तुमच्या नजरेखालून जाऊ द्या.

आपले,
ओपीडीतले डॉक्टर, नाशिक