माझी वही वाचणाऱ्या घड्याळवाल्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

त्या दिवशी तुमच्या टेबलासमोरून उठताना मी फक्त "बरं, येते" एवढंच म्हणाले. आभार मानायचे राहूनच गेले. घसा दाटून आला होता आणि एका मनगटी घड्याळापायी माझ्या डोळ्यांत पाणी आलेलं तुम्हाला दिसू नये असं वाटत होतं. आठवडा होऊन गेला तरी ती गोष्ट मनातून जात नाही, म्हणून लिहायला बसले.

तुम्हाला घड्याळ दिसलं, वही दिसली. मागचं थोडं सांगते. सणाच्या सुट्टीत मुलगा घरी आला तेव्हा दोन डबे घेऊन आला. ह्यांना बॅटरीवर चालणारं क्वार्ट्झ, मला हाताच्या हालचालीने आपोआप चावी बसणारं ऑटोमॅटिक. मी कधीतरी बोलून गेले होते, की कानाशी धरलं तर आवाज येईल असं घड्याळ मला हवं आहे. ते त्याने किती वर्षं लक्षात ठेवलं होतं कोण जाणे. तो परत गेला आणि त्याच रात्री मी वही उघडली. रोज रात्री नऊला फोनवरच्या वेळेशी दोन्ही घड्याळं ताडून बघायची, सेकंद काटा किती पुढे, किती मागे ते लिहायचं, शेवटच्या रकान्यात शेरा. दोन नवी घड्याळं घरात आल्यावर कोणतं बरोबर चालतं हे बघायची हौस कोणालाही असते. माझी जरा जास्त टिकली इतकंच.

ह्यांचं घड्याळ गुणी निघालं. एकवीस दिवसांत चार सेकंद पुढे. क्वार्ट्झ महिन्याला पंधरा सेकंद इकडेतिकडे झालं तरी कोणी नाव ठेवत नाही, त्यामुळे ह्यांची छाती फुगलेली. त्यातला स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, तो आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर एक उरतो आणि काटा एक घर सरकतो, हे मला जेवताना तीनदा ऐकवून झालं. जगातलं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ, सेइको अॅस्ट्रॉन, 25 डिसेंबर 1969 रोजी विक्रीला आलं आणि तेव्हाच ते महिन्याला पाच सेकंदांत बसत होतं, हेही.

माझं घड्याळ पहिले दहा दिवस रोज सात-आठ सेकंद पुढे जायचं. 7, 8, 6, 7, 7. मी खूश होते. दिवसाचे 86,400 सेकंद. बारा हजार सेकंदांमागे एका सेकंदाची चूक, तीसुद्धा एका चक्रावर आणि केसाएवढ्या बारीक स्प्रिंगवर. अकराव्या रात्री फरक आला 2 मिनिटं 51 सेकंद. मला वाटलं वाचण्यात माझी चूक झाली. बाराव्या रात्रीही जवळपास तेवढाच. मग रोज तसंच.

तुमच्याकडे येण्याआधी मी दोन ठिकाणी जाऊन आले होते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. पहिल्या काउंटरवरच्या माणसाने घड्याळ हातातही घेतलं नाही. "ऑटोमॅटिक पळतंच मॅडम. नेमकी वेळ हवी तर फोन आहे ना," म्हणाला. मी वही पुढे केली तर शेजारच्याकडे बघून हसला. दुसरीकडे घड्याळ हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि निकाल दिला: मशीनच बदलावं लागेल. वर म्हणाला, "मुलाला कोणीतरी फसवलंय." काका, हे वाक्य मला फार लागलं. तीन मिनिटं पुढे जाणारं घड्याळ मी आनंदाने वापरलं असतं, रोज लावून घेतलं असतं. पण पोराने हौसेने आणलेली वस्तू मुळातच खोटी आहे असं कोणी म्हटल्यावर ती मनगटावर जड व्हायला लागते. तो फोनवर विचारायचा, "आई, घालतेस ना?" आणि मी "हो, अगदी छान चाललंय" म्हणायचे. घड्याळ डब्यात होतं.

तुम्ही आधी वही मागितलीत. घड्याळ टेबलावर तसंच राहिलं आणि तुम्ही चष्मा पुसून पहिल्या पानापासून वाचायला लागलात. बोटाने एकेक ओळ. मी अवघडून गेले होते, कारण शेऱ्यांत काय वाटेल ते लिहिलेलं होतं. 'आज पाऊस.' 'ह्यांना ताप.' दहाव्या रात्रीच्या नोंदीपुढे लिहिलं होतं, 'जुनं पुस्तक संपलं, टॅबवर नवीन घेतलं.' तिथे तुमचं बोट थांबलं. "ताई, टॅबला झाकणाचं कव्हर आहे का? रात्री घड्याळ कुठे ठेवता?"

त्याच कव्हरवर ठेवत होते. वाचून झालं की टॅब मिटायचा, वर घड्याळ ठेवायचं, दिवा बंद. कव्हर चिकटून बसावं म्हणून त्यात चुंबक असतात, हे माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

पुढचं सगळं पाच मिनिटांत झालं. तुम्ही होकायंत्र जवळ नेलंत आणि सुई थरथरली. चुंबकत्व शिरलं की त्या केसाएवढ्या स्प्रिंगचे, हेअरस्प्रिंगचे, वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि चक्र घाईने हेलकावे घेऊ लागतं, असं तुम्ही समजावलंत. चुंबकत्व काढणाऱ्या त्या छोट्या डबीसारख्या यंत्रावर घड्याळ धरून सावकाश वर उचललंत. मग ठोके ऐकणाऱ्या यंत्रावर लावलंत आणि पडद्यावरची वेडीवाकडी रेघ सरळ झालेली मला दाखवलीत. ताशी 28,800 ठोके, म्हणजे सेकंदाला आठ. मी विचारलं, "आता उघडून जरा नीट लावून देता का?" तुम्ही मान हलवलीत. "कशाला? चांगलं चाललंय. विनाकारण उघडायचं नाही."

जिथे एकाने अख्खं मशीन काढायला सांगितलं होतं, तिथे तुम्ही मागचं झाकणसुद्धा उघडलं नाहीत.

आणि मग जे केलंत त्यासाठी हे पत्र आहे. घड्याळ सेकंदाला सेकंद जुळवलंत, कानामागची पेन्सिल काढलीत आणि माझ्या वहीत, माझ्या शेवटच्या ओळीखाली, माझ्याच रकान्यांत लिहिलंत. तारीख. वेळ. फरक 0. शेऱ्यात: 'चुंबक काढलं. घड्याळ चांगलं आहे.'

कोणी सांगितलं होतं तुम्हाला? तोंडी सांगितलं असतं तरी चाललं असतं. पावतीवर लिहिलं असतं तरी चाललं असतं. पण जी वही बघून एक जण हसला होता, तिच्यात तुम्ही नोंद केलीत, रेघेवर, नीट अक्षरात, एखाद्या कामाच्या रजिस्टरमध्ये करावी तशी. ते 'घड्याळ चांगलं आहे' मी वाटेत चार वेळा उघडून वाचलं. घरी येऊन त्या ओळीचा फोटो मुलाला पाठवला आणि मग खरं काय ते सगळं सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी बरोबर आणलं होतं."

तुम्ही जाता जाता एक गोष्ट म्हणालात, ती मी नंतर शोधून वाचली. क्रोनोमीटर, म्हणजे खास अचूक घड्याळ, म्हणून प्रमाणपत्र मिळवणारी स्विस यंत्रं पंधरा दिवस, पाच स्थितींत आणि तीन तापमानांना तपासतात, आणि तिथेही दिवसाला सरासरी उणे 4 ते अधिक 6 सेकंदांचा फरक चालतो. शून्य कोणी मागतच नाही. तुम्ही म्हणालात, "किती चुकतं ते नंतर बघायचं, ताई. रोज तेवढंच चुकतं का, ते आधी." इंग्लंडचे घड्याळजी जॉन हॅरिसन यांचं समुद्रावरचं घड्याळ 1761 साली जमैकाकडे निघालं तेव्हा ते रोज किती मागे पडतं हे आधीच ठरवलेलं होतं. तेवढं हिशेबात धरून 81 दिवसांत चूक निघाली जेमतेम पाच सेकंद. हे वाचताना माझी 7, 8, 6, 7, 7 ही ओळ आठवली आणि तुम्ही त्या पानावर एवढा वेळ का थांबला होतात ते कळलं.

काका, हाताला कसब असणारी माणसं पुष्कळ आहेत. पहिल्या दोन ठिकाणीही असतील. पण समोरच्याने आणलेलं वाचून बघावं, त्याला काही कळत असेल असं धरून चालावं, आणि जिथे काम नाही तिथे काम काढू नये, एवढा साधा चांगुलपणा हल्ली एखाद्यात दिसला की माणूस गहिवरतो. डॉक्टरांकडे, कचेरीत, शाळेत, सगळीकडे आपण आपापली वही काखेत घेऊन फिरत असतो, आणि "दाखवा बघू" म्हणणारं कोणी भेटत नाही. तुमच्या हाताखाली शिकणारा तो मुलगा सगळं बघत होता. त्याने ते होकायंत्र लक्षात ठेवावंच, पण तुम्ही चष्मा पुसलात तेही ठेवावं.

घड्याळ आता लाकडी खणात ठेवते, तुम्ही सांगितलंत तशी किल्ली वरच्या बाजूला करून. त्या स्थितीत ते रात्री दोन-तीन सेकंद मागे येतं आणि दिवसाची आगाऊ चाल बरीचशी फिटते. टॅब दुसऱ्या खोलीत. ह्यांनीही आपलं घड्याळ माझ्या खणात आणून ठेवलंय. क्वार्ट्झच्या छोट्या मोटरलाही जवळच्या चुंबकाने अडखळायला होतं, हे तुमच्याकडूनच कळलं म्हणून.

तुमची ओळ पेन्सिलीची आहे, पुसट होईल म्हणून तिच्यावर पारदर्शक पट्टी लावली आहे. तिच्याखाली सात नोंदी झाल्या: 4, 4, 5, 4, 3, 4, 4.

तुमची,
वही घेऊन आलेली ताई