दिवाळीला येते, पण राहायला नाही

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर आई लगेच "जेवलीस का" विचारते आणि सांगायचं राहून जातं, म्हणून लिहिते. मी इथे तिरुवनंतपुरमला आणखी दोन वर्षं थांबते आहे. सही परवाच केली. आधी विचारायला हवं होतं. पण बाबा "थांब" म्हणाले असते आणि आई रात्रभर कूस बदलत राहिली असती. सातपूरची ती नोकरी नाकारली म्हणून काका बोलतील. त्यांना मी सांगेन.

बाबा, घाटाच्या पायरीवर तुम्ही घसरलात तेव्हापासून हे काम डोक्यातून गेलेलं नाही. खुब्यातले स्क्रू काढायला दुसऱ्यांदा आत नेलं होतं, तेव्हा भूल उतरताना तुम्ही माझा हात धरून विचारलंत, "आता पुन्हा नाही ना?" आम्ही करतो ते फॉर्स्टेराइट म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकाचं सिरॅमिक. हाडात बसवल्यावर ते हळूहळू विरघळावं, त्या जागी नवं हाड भरावं आणि काढायला पुन्हा शस्त्रक्रिया लागू नये, यासाठी सगळी खटपट. हाडातल्या खनिजासारखं हायड्रॉक्सीअपॅटाइट कित्येक वर्षं वापरात आहे, पण फार ठिसूळ. हे तड्याला त्याहून चांगलं टिकतं.

आई, पावडर तासन्‌तास दळायची, साच्यात दाबून वड्या पाडायच्या, मग भट्टीत १४०० अंशांच्या आसपास भाजायच्या. आच भराभर वाढवली की वडी तडकते. तुझं "मंद आचेवर गं" रोज आठवतं. चार महिने थोडं मॅग्नेशियम ऑक्साइड तसंच उरत होतं. पाण्यात ते फुगतं, वडी भुसभुशीत होते, भोवतालच्या पेशी जगत नाहीत. क्ष-किरणांच्या आलेखात ४३ अंशांच्या कोनाजवळ त्याचा बारका सुळका दिसला की पोटात गोळा यायचा. जूनमध्ये तो गेला. मग वड्या रक्तद्रवासारख्या द्रावणात, ३६.५ अंशांवर, चार आठवडे ठेवल्या. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर वर फ्लॉवरच्या बारीक तुऱ्यांसारखा अपॅटाइटचा, म्हणजे हाडातल्या खनिजासारखा थर! मला रडू आलं. तो थर म्हणजे हाड नव्हे. पेशींवरच्या, मग प्राण्यांवरच्या चाचण्या बाकी आहेत. त्या अर्धवट सोडून मला येववत नाही. बाबांच्या पायाला याचा उपयोग नाही, हेही कळतं मला.

माझी काळजी करू नका. खोलीत वारा छान येतो, ज्वारीचं पीठ मिळतं, भाकरी आता फुगते. काल धो धो पाऊस होता. गोदेला पूर येऊन दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की बाबा मला खांद्यावर बसवून दाखवायला न्यायचे. तुमचे केस मुठीत धरायची मी, तुम्ही कधी ओरडला नाहीत.

आता ऐका. न्हाणीघरात दांडा बसवायला शुक्रवारी माणूस येईल. "कशाला" म्हणून परत पाठवू नका. आई, साखर तपासून घे, आणि उपाशीपोटी पंचवटीला चालत जाऊ नकोस. बाबांनी काठी बाहेरही घ्यायची, फक्त घरात नाही. घाटावर वरूनच नमस्कार करायचा.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी पोचते, दहा दिवस आहे. नाशिकरोडला पहाटे गाडी येते. घ्यायला येऊ नका बाबा. रिक्षा करीन. खरंच येऊ नका.

तुमची,
छकुली