गाडी किती ओढते ते नंतर विचारा, आधी किती पेलते ते बघा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी तुमचा पेपर रोज सकाळी फोनवर वाचतो, राहतो टेक्ससमध्ये, ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी म्हणून गाव आहे तिथं, मूळचा वाळवा तालुक्यातला. विषय तुमच्या वाचकांना जरा लांबचा वाटेल, ट्रेलर ओढायला जुना डिझेल पिकअप ट्रक घेणे, पण माझ्या ओळखीतल्या कितीतरी मराठी घरांत गेल्या काही वर्षांत कॅम्पर, म्हणजे गाडीमागं ओढायचं चाकांवरचं घर, आलेत, कुणी थोडी जमीन घेऊन छोटा ट्रॅक्टर ठेवलाय, आणि सगळे शेवटी त्याच ठिकाणी येऊन अडकतात की हे ओढणार कशानं. नवीन डिझेल ट्रक ७०-८० हजार डॉलरच्या घरात जातो म्हणून सगळे जुना बघतात. आणि यातल्या बऱ्याच जणांचे आईवडील तुमचा पेपर वाचतात, ते तरी मुलांना हे कात्रण पाठवतील म्हणून लिहितोय.

निमित्त असं की मागच्या आठवड्यात डॅलसहून पुण्याच्या एका मुलाचा फोन आला, काका, डीलर म्हणतो ही गाडी १७ हजार पाउंड ओढते, माझा कॅम्पर तर १३ हजारचाच आहे, घेऊन टाकू ना? मी म्हटलं ड्रायव्हरचं दार उघड आणि आतल्या खांबावर पिवळा-पांढरा स्टिकर आहे त्याचा फोटो पाठव. त्यावर लिहिलेलं असतं की माणसं आणि सामान मिळून एवढ्या वजनाच्या वर जायचं नाही. आकडा होता १,९८७ पाउंड. आता हिशोब बघा. फिफ्थ-व्हील कॅम्पर म्हणजे जो पिकअपच्या हौद्यात, मागच्या एक्सलच्या वर टेकतो, त्याचं साधारण १५ ते २५ टक्के वजन ट्रकच्या पाठीवर येतं. २० टक्के धरा, १३ हजारचे झाले २,६००. कॅम्पर अडकवायला हौद्यात बसवायची जोडणी, तिला हिच म्हणतात, ती २०० पाउंडाची. नवरा-बायको आणि दोन मुलं ५५० धरा. झाले ३,३५०. म्हणजे ट्रक जेवढं पेलू शकतो त्याच्यावर १,३६३ पाउंड जास्त, सहाशे किलोच्या वर! आणि यात कूलर, लाकडं, सायकली काही धरलेलंच नाही. १७ हजार ओढते हे डीलर खोटं बोलला नाही, इंजिन ओढेल, पण ओढणं वेगळं आणि पेलणं वेगळं, पेलायचं असतं स्प्रिंगांनी, मागच्या एक्सलनं, टायरनी आणि ब्रेकनी.

यात आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. डिझेल इंजिन जड असतं, पेट्रोलवाल्यापेक्षा कितीतरी जड, आणि ते वजन गाडीच्या स्वतःच्या वजनात जातं. इकडे ज्याला पाऊण टनी म्हणतात, म्हणजे फोर्डची एफ-२५०, रॅम २५००, शेव्हरोले किंवा जीएमसीची २५००, त्यातल्या बऱ्याच गाड्यांचं एकूण भरलेलं वजन कागदावर १० हजार पाउंडच धरलेलं असतं. मग इंजिन जड, चार दारांची केबिन जड, चारही चाकांची ड्राइव्ह जड, ते सगळं वजा केलं की पेलायला उरतात २ हजारच्या आसपास. मोठं इंजिन घेतलं म्हणजे जास्त वजन घेता येईल असं वाटतं आणि होतं उलटं. मोठा फिफ्थ-व्हील असेल तर सरळ एक टनी बघा, ३५०० किंवा एफ-३५०, आणि त्यातही मागे चार टायरवाली. आणि कॅम्परचं वजन धरताना माहितीपत्रकातलं रिकामं वजन धरू नका, त्याच्या प्लेटवरचं जास्तीत जास्त भरलेलं वजन धरा, कारण पाणीच गॅलनला ८.३ पाउंड असतं, ५० गॅलनची टाकी भरली की तिथंच ४०० च्या वर गेलं.

मला हे पुस्तकातून नाही कळलं. आमच्या वडलांची उसाची बैलगाडी होती, कारखान्याला ऊस जायचा. गाडी भरताना ते सारखे ओरडायचे, मागं नको रे, गाडी उलाळ होईल! मोळ्या मागं जास्त झाल्या की गाडी उलाळ व्हायची, जू बैलांच्या मानेवरनं वर उचलायचं आणि गाडी बैलांच्या ताब्यात राहायची नाही. पुढं जास्त झाल्या की जू मानेत रुतायचं आणि बैल बसायला यायचा. मी हे सगळं लहानपणी बघितलेलं, आणि तरी २०१६ साली इथं पहिला साधा ट्रेलर घेतला, बंपरखालच्या गोळ्यावर अडकवायचा, त्यावर छोटा ट्रॅक्टर चढवला तो जरा मागंच उभा केला कारण पुढं फळ्या ठेवायच्या होत्या. आय-टेन हायवेवर केटी सोडून सीलीकडे निघालो, ६५ मैलांच्या वेगात एक मोठा ट्रक बाजूनं गेला आणि ट्रेलर शेपटीसारखा हलायला लागला, आधी थोडा, मग एवढा की पिकअपचं मागचं टोक पण त्याच्याबरोबर जायला लागलं. बायको शेजारी होती. पायाखालचा ब्रेक दाबायची हौस प्रत्येकाला होते तशी मलाही झाली पण नेमका शेजारच्या शेतकऱ्यानं सांगितलेलं आठवलं, तो ब्रेक दाबायचा नाही, स्टिअरिंग सरळ धरायचं, अॅक्सिलरेटर सोडायचा आणि ट्रेलरच्या ब्रेकचा ड्रायव्हरजवळ कंट्रोलर असतो त्याची दांडी हातानं दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. ट्रेलर ताणला गेला आणि सरळ झाला. कडेला थांबून दहा मिनिटं आम्ही दोघं काही बोललो नाही. गाडी उलाळ झाली होती, एवढंच. अशा बंपरच्या ट्रेलरला पुढच्या दांडीवर १० ते १५ टक्के वजन पाहिजेच, कमी झालं की शेपूट हलवणार. त्या दिवसापासून मी नवीन काहीही भरलं की ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केल नावाच्या वजनकाट्यावर जातो, १५ डॉलरच्या आसपास घेतात आणि पुढचा एक्सल, मागचा एक्सल, ट्रेलरचे एक्सल असं वेगवेगळं वजन छापून देतात. जुना ट्रक घेताना पण मालकाला सांगून तो रिकामा वजन करून बघता येतो, मग कुणाच्या शब्दावर राहायला नको.

आता इंजिनाचं. इथं साल फार महत्त्वाचं, कारण एकाच कंपनीचं एका सालचं इंजिन पाच लाख मैल जातं आणि दुसऱ्या सालचं घर विकायला लावतं. फोर्डचं ७.३ लिटरचं पॉवर स्ट्रोक, १९९४ ते २००३ मधलं, दणकट म्हणून लोक अजून शोधत फिरतात. त्याच्यानंतरचं ६.० लिटरचं, २००३ ते २००७, त्यात ऑइल कूलर चोंदायचा, त्यामुळे ईजीआर कूलर (इंजिनात परत जाणारा धूर थंड करणारा) फुटायचा आणि हेड गॅस्केट जायचं, सगळी दुरुस्ती झाल्याची बिलं हातात असतील तरच त्याकडे बघा. जीएमच्या, म्हणजे शेव्हरोले-जीएमसीच्या, ड्युरामॅक्समध्ये २००१ ते २००४ च्या पहिल्या इंजिनाला इंजेक्टरचा (डिझेल सिलिंडरमध्ये फवारतो तो) त्रास, तो एवढा होता की कंपनीला फक्त इंजेक्टरसाठी वॉरंटी ७ वर्षं किंवा २ लाख मैलांपर्यंत वाढवायला लागली, आणि ते इंजेक्टर व्हॉल्व्ह कव्हरच्या खाली असल्यानं मजुरीच भारी लागते. २००६-०७ चं मात्र लोक डोक्यावर घेतात, मागे सहा गिअरचा अॅलिसन ट्रान्समिशन. रॅमच्या कमिन्सचं इंजिन चांगलं, ५.९ तर फारच चांगलं, पण १९९८ ते २००२ मध्ये टाकीकडून डिझेल ढकलणारा छोटा पंप गेला की मोठा इंजेक्शन पंप पण सोबत घेऊन जातो, आणि बऱ्याच वर्षांचा ऑटोमॅटिक ट्रान्समिशन त्या इंजिनाच्या ताकदीला पुरत नाही, हे जड ओढणाऱ्यानं लक्षात ठेवायचं.

सीपी४ नावाच्या पंपाबद्दल वेगळं लिहितो. बॉशचा हा हाय प्रेशर पंप २०११ पासूनच्या फोर्ड ६.७ मध्ये, २०११ ते २०१६ च्या ड्युरामॅक्समध्ये आणि २०१९-२० च्या कमिन्समध्ये होता. हा आतून झिजून फुटला तर लोखंडाचा चुरा इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेलमध्ये, इंजेक्टरमध्ये, परतीच्या पाइपनं टाकीत, सगळीकडे जातो आणि मग नुसता पंप बदलून भागत नाही, डिझेलचा पूर्ण रस्ताच बदलायचा, ८-१० हजार डॉलर. २०१९-२० च्या रॅमना तर २०२१ मध्ये याच पंपासाठी रिकॉल झाला, म्हणजे दुरुस्तीसाठी कंपनीनं गाड्या परत बोलावल्या, २ लाखांवर गाड्या, आणि कंपनी पुन्हा जुन्या सीपी३ पंपावर गेली. जीएमनं २०१७ पासून डेन्सोचा पंप घेतला. यातली गाडी घ्यायचीच असेल तर फ्युएल फिल्टर काढून त्यात चमकणारा चुरा दिसतो का ते मेकॅनिकला बघायला सांगा, आणि घेतल्यावर चुरा इंजेक्टरकडे न जाऊ देणारी बायपास किट बसवा, काहीशे डॉलरचं काम आहे.

आणि आता मी स्वतः कुठं पोळलो ते. २०१९ मध्ये दुसरा ट्रक घेतला, गाडीचं आणि विकणाऱ्याचं नाव इथं देत नाही, किंमत बाजारापेक्षा कमी, आवाज मस्त, वेग तर असा घेते की विचारू नका, आणि विकणारा म्हणाला डिलीट केलेली आहे, कटकटच नाही. मला वाटलं चांगलंच आहे. डिलीट म्हणजे धूर गाळणारा डीपीएफ फिल्टर, धूर स्वच्छ करणाऱ्या डीईएफ नावाच्या द्रवाची टाकी, ईजीआर हे सगळं कापून टाकून कॉम्प्युटरचं प्रोग्रामिंग बदललेलं. २००७ पासूनच्या गाड्यांवर हा फिल्टर आला, पुढे डीईएफ आलं, महाग आहे, बिघडतं, हे सगळं खरं, पण काढणं हे फेडरल क्लीन एअर अॅक्टखाली बेकायदा आहे आणि ते मला तेव्हा कुणी स्पष्ट सांगितलं नाही. दोन वर्षांनी विकायला गेलो तर दोन डीलरांनी घ्यायलाच नकार दिला, वर्कशॉपवाले हात लावेनात. पुन्हा मूळचं सगळं बसवायला मला ७ हजार डॉलरच्या वर लागले. त्याहून जास्त लागलं ते हे, की माझा नातू दम्याचा आहे, त्याला शेजारी बसवून मी दोन वर्षं ती काळा धूर सोडणारी गाडी फिरवली. टेक्ससमध्ये २०२५ पासून खाजगी गाड्यांची सेफ्टी तपासणी बंद झालीय आणि डिझेल गाड्यांची धुराची तपासणी इथं आधीपासूनच नाही, त्यामुळे गाडी नावावर करून घेताना कुणीही तुम्हाला अडवणार नाही. खाली वाकून सायलेन्सरच्या पाइपला फिल्टरचा जाड डबा आहे का, डीईएफचं निळं झाकण आहे का आणि टाकी खरंच जोडलेली आहे का, हे आपणच बघायचं. २०१३ ते २०१९ ची रॅम असेल तर आणखी एक, कमिन्सनं या गाड्यांच्या धुराच्या सॉफ्टवेअरवरून अमेरिकन सरकारशी तडजोड करून १.६७५ अब्ज डॉलरचा दंड मान्य केलाय, त्यात रिकॉल आहे, तो त्या गाडीवर झालाय का ते व्हिन नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, टाकून विचारून घ्या.

बाकी बघायच्या गोष्टी पटकन सांगतो. इंजिन थंड असताना सुरू करायचं, तुम्ही जायच्या आधी मालकानं गरम करून ठेवलं असेल तर परत दुसऱ्या दिवशी जायचं. चालू इंजिनावर ऑइलचं झाकण काढून उलटं त्याच भोकावर ठेवा, थोडं थरथरलं तर चालेल, उडून पडलं तर पिस्टनच्या रिंगांतून हवा येतेय. मैलांसोबत तास पण बघा, डॅशबोर्डवर इंजिनाचे एकूण आणि नुसते उभे राहून चाललेले तास येतात, ऑइलफील्डवरच्या गाड्या दिवसभर एसीसाठी चालू असतात, ८० हजार मैलांची गाडी आतून दीड-दोन लाखांची झालेली असते. उत्तरेकडच्या राज्यातून आलेली असेल तर रस्त्यावरच्या मिठानं चेसिस आणि ब्रेकचे पाइप खाल्लेत का ते टॉर्च घेऊन बघा. आणि ह्यूस्टनकरांना सांगायला नको, २०१७ च्या हार्वे पुरात बुडालेल्या गाड्या अजून कुठं कुठं निघतात, सीटबेल्ट पूर्ण ओढून शेवटच्या टोकाला चिखलाची रेघ आहे का बघा, एनआयसीबी या इथल्या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या साइटवर व्हिन नंबर फुकट तपासता येतो.

डॅलसच्या त्या मुलानं ती गाडी घेतली नाही. बायको नाराज झाली म्हणे, मुलांना उन्हाळ्यात यलोस्टोनला न्यायचं कबूल केलं होतं. पण आता त्याला वेकोजवळ एका शेतकऱ्याकडे एक टनी सापडलीय, मागे चार टायर, दारावरचा आकडा ५ हजारच्या वर आहे, फोटो आधीच पाठवलाय त्यानं, आणि सगळी बिलं एका फायलीत आहेत. येत्या शनिवारी आम्ही दोघं बघायला जातोय, मी इथून पहाटे साडेचारला निघणार आहे, आणि मालकाला फोन करून सांगितलंय की आम्ही येईपर्यंत चावी लावू नका.

आपला,
एक वाचक
केटी, टेक्सस (मूळ वाळवा तालुका, जि. सांगली)