शेगडी खोलीत नेऊ नकोस

नाशिक रोड

चि. अमोल यास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सहज बोलून गेलास, की निफाडला थंडी फार वाढलीय, बाळाच्या खोलीत रात्री शेगडी ठेवणार, दगडी कोळसाही आणलाय. तेव्हा नीट बोलता आलं नाही. रात्री डोळ्याला डोळा लागला नाही, म्हणून लिहितोय.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. इंजिनं तेव्हा कोळशावर चालायची आणि आम्ही पोरं रुळांच्या कडेने अर्धवट जळालेला कोळसा वेचून आणायचो. एका पौषात तुझ्या आजीने त्याचीच शेगडी पेटवली. धूर संपून निखारे लालबुंद झाले, तेव्हा ती आत घेतली आणि दाराला कडी लावली. पहाटे मी उठायला गेलो तर पाय उचलेनात, डोकं ठणकत होतं. कसाबसा दारापर्यंत गेलो आणि तिथेच ओकलो. त्या आवाजाने आजी जागी झाली. धाकट्या काकाला गदागदा हलवलं तरी तो डोळे उघडेना. त्याला उचलून ओसरीवर नेलं. उजाडता उजाडता तो रडला, तेव्हा कुठे आजी खाली बसली.

धूर दिसत नव्हता, हेच फसवं होतं. निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. झोपलेल्या माणसाला गुंगी येते आणि काही कळायच्या आत तो बेशुद्ध होतो. तान्ह्या बाळाचा श्वास तर आपल्यापेक्षा जलद चालतो. कोरोनात घेतलेलं ऑक्सिमीटर लावून बघू असं म्हणू नकोस. त्याला या वायूतला आणि प्राणवायूतला फरक कळत नाही, आकडा चांगलाच दाखवील.

द्राक्षबागेत पहाटे आपण शेकोट्या पेटवतोच की, असं तू म्हणशील. पण बाग उघड्यावर असते रे. खोलीत खिडकी उघडी ठेवलीस तर ऊब टिकत नाही, आणि लावलीस तर हा वायू कोंडतो. शिवाय दगडी कोळशात गंधक असतं. त्याच्या उग्र वायूने घसा खवखवतो, दम्याच्या माणसाची छाती भरून येते. बारीक काजळी भिंतीवर दिसते, तशी छातीतही जाते. लंडनमध्ये तर घराघरातल्या शेगडीला धुराडं होतं. तरी 1952 च्या डिसेंबरात, 5 ते 9 तारखांना, घरांचा आणि कारखान्यांचा धूर गावावर साचून राहिला आणि हजारो माणसं गेली. 1956 साली त्यांना धुराला आळा घालायला कायदा करावा लागला.

सूनबाईला सांग, निजायच्या आधी रबरी पिशवीत गरम पाणी भरून अंथरूण ऊबदार करून घ्यायचं आणि बाळाला ठेवण्याआधी पिशवी काढून घ्यायची. दुपट्याने बाळाचं तोंड झाकू नका. शेकायला कपडा हवा असेल तर तो अंगणातल्या शेगडीवर तापवून आत न्या, शेगडी नको.

शनिवारी सकाळच्या एसटीने आम्ही दोघं येतोय. आईने दोन गोधड्या उन्हात घालून ठेवल्यात, त्या आणतो. तोवर शेगडी आणि कोळशाचं पोतं गोठ्याच्या मागे नेऊन ठेव, आणि ठेवलंस की आजच फोन कर.

तुझा,
बाबा