बाईंच्या माहितीपटाचा आराखडा वाचून

प्रिय नंदू,

सप्रेम नमस्कार.

बाईंच्या गाण्यावरच्या टीव्ही-माहितीपटाचा तुझा आराखडा नीट वाचला. अर्ध्या तासाचा स्लॉट, जाहिराती वजा जाता 22-23 मिनिटं, आणि त्यात गाण्याचे 20-20 सेकंदांचे 14 तुकडे! हे तुकडे काढच. हिशेब करून बघ. बाई अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतला, एकताल गातात. मात्रा चार-पाच सेकंदांची धरली तर 12 मात्रांचं एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, जवळजवळ मिनिटभराचं होतं. तुझ्या 20 सेकंदांत मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) आणि सम (तालाची पहिली मात्रा) मावेल, पण समेआधीची बढत, म्हणजे रागाचा हळूहळू होणारा विस्तारच, कापली गेल्यावर त्या समेला दाद कोण देणार? त्यापेक्षा सलग दोन आवर्तनं ठेव, आणि त्यांवर निवेदनाचा एक शब्दही नको. द्रुत तीनतालाची गोष्ट वेगळी. मिनिटाला 240 मात्रांची लय असेल तर आवर्तन चार सेकंदांत फिरतं, तिथे हव्या त्या समेवर बाहेर पडता येतं.

चित्र कुठेही काप, आवाज मात्र समेनंतरच. मधेच कापलास तर आधी तानपुरा चुगली करतो, त्याची आस, म्हणजे लांबत राहणारा नाद, तुटलेली साध्या टीव्हीवरही कळते. आणि ऐन समेला तबलजीच्या हातावर जायची संकलकांना फार हौस असते. तेव्हा बाईंचा चेहरा हवा. सम तिथे दिसते.

ध्वनिमुद्रणाला सगळ्यात जास्त वेळ दे. दिवे अर्धा तास आधी लावून ठेव आणि मगच वाद्यं मिळवायला सांग, कारण उष्णतेने तबल्याची शाई-पुडी, म्हणजे वरचं कातडं, ताणली जाऊन तो चढतो आणि तानपुऱ्याच्या तारा उतरतात. पंखे बंद. बाईंचा माइक हनुवटीच्या खाली, तिरका ठेव, म्हणजे तोंड आणि हात दोन्ही मोकळे दिसतील. तानपुऱ्याला वेगळा माइक, घोडीपासून (तारा टेकतात त्या पट्टीपासून) वीतभर अंतरावर, नाहीतर जवारी, म्हणजे तारांचा झणकारता गुंजारव, हरवते आणि नुसती गुणगुण उरते. आवाजाची पातळी लावताना बाई सहसा मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, गुणगुणतात आणि त्यावर गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) वाढवला जातो. पुढे तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर, तान गेली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज कुठल्याही यंत्राने पूर्ववत सांधता येत नाही. म्हणून आधी तार सप्तकातली एक तान मागून घे आणि तीही उणे 6 डेसिबलच्या खाली राहील असं बघ.

मुलाखतीत कॉलर माइक पदराला घासणार नाही अशा जागी लाव. तुझे प्रश्न कापले जाणार आहेत, तेव्हा उत्तरात प्रश्न गुंफून बोलायची विनंती आधीच कर. शेवटी त्याच खोलीतली एक मिनिटाची शांतता मुद्रित कर, जोडकामाला ती लागतेच.

बाईंच्या गुरूंच्या जुन्या तबकड्या वापरणार आहेस, तर त्यांची पट्टी, म्हणजे गाण्याचा मूळ सा, तपासल्याशिवाय घेऊ नकोस. फिरण्याचा वेग सहा टक्क्यांनी वाढला की स्वर अर्ध्या सुराने चढतो. पेटीच्या काळी एकमधलं गाणं पांढरी दोनमध्ये ऐकू येतं आणि आवाजही कोवळा वाटायला लागतो. बाईंना ऐकव, त्या क्षणात सांगतील.

बालपणाचे प्रसंग नट घेऊन करायचा तुझा विचार मला धोक्याचा वाटतो. सत्यजित राय यांनी रवींद्रनाथांवरच्या 1961च्या माहितीपटात तसे प्रसंग घेतले, पण त्यांच्या हाताशी 54 मिनिटं होती. करायचंच असेल तर ब्रिटिश दिग्दर्शक केन रसेलने 1962 साली बीबीसीसाठी संगीतकार एल्गारवर केलेलं काम पुन्हा बघ. त्यात नट आहेत, पण एकाच्याही तोंडी संवाद नाही. इंग्लंडमधल्या माल्व्हर्नच्या टेकड्यांवरून एक मुलगा तट्टावर दौडत जातो आणि मागे एल्गारचीच रचना भरून वाहत असते. तुझ्या सहा संवादी प्रसंगांऐवजी असा एक मुका प्रसंग आणि त्यावर बाईंचा आजचा आवाज पुरेल. वाचलेली चार मिनिटं तालमीला दे. शिष्येची एक जागा, म्हणजे स्वरांचं एक वळण, चुकते, बाई तीच जागा तीन वेगळ्या तऱ्हांनी घेऊन दाखवतात, हे सलग दिसू दे. त्यांच्या गायकीबद्दल जाणकारांनी खुर्चीत बसून जे सांगायचं, ते तिथे आपोआप कळेल, आणि दोन जाणकार कमी करता येतील.

कॅमेरे तीनच ठेव, आणि तिघांसाठी सुरुवातीला एकच टाळी वाजव, म्हणजे तिन्हींची चित्रं आणि आवाज त्या क्षणावर जुळवता येतील.

सुधारलेला आराखडा पाठव, मी लगेच वाचतो.

तुझा,
वसंता