बाबा, दोन इंचांना हसू नका

अल्फारेटा, अटलांटा
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

इथे दोन इंच बर्फ पडला म्हणून सगळं बंद आहे, असं मी शुक्रवारी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही जे हसलात ते अजून कानात आहे. "दोन इंच? अगं, दोन इंचांत चपलेचा अंगठासुद्धा बुडत नाही," असं म्हणून फोन आईकडे दिलात. आईला फक्त मी स्वेटर घातलाय का एवढंच हवं होतं. फोन स्पीकरवर होता, म्हणून मी गप्प बसले. पण तेहेतीस वर्षं स्वारगेट डेपोतून एसटी चालवलेला माणूस निसरड्या रस्त्याला हसतो हे काही मनाला पटेना. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, पत्र तरी शेवटपर्यंत वाचाल.

तुम्हीच सांगायचात ना, की जुलैतल्या धो धो पावसाला ड्रायव्हर घाबरत नाही, जूनच्या पहिल्या सरीला घाबरतो? वर्षभर सांडलेलं ऑइल, धूळ, टायरची पूड, त्यावर चार थेंब पडले की कर्वे रस्त्यावर टू-व्हीलरवाले पटापट आडवे. नंतरचा मोठा पाऊस ते सगळं धुऊन नेतो. इथल्या बर्फाचं गणित असंच उलटं आहे. तो किती पडला याला फारसा अर्थ नाही. अटलांटाची जमीन तशी उबदार. पहिला भुरका रस्त्यावर पडतो आणि वितळतो. वरून गाड्या जातात, तो दाबला जातो, आणखी थोडा वितळतो. मग ऊन कललं की पारा शून्याखाली जातो आणि त्या ओलीची काच होते. वर पिठीसाखर, खाली काच. ओंकारेश्वराच्या घाटावरच्या शेवाळावर कुणी रांगोळी भुरभुरली तर कसं होईल, तसं.

त्यातही वाईट तो 'ब्लॅक आइस'. नाव काळं, पण असतो पारदर्शक. खालचं डांबर आरपार दिसतं, म्हणून रस्ता नुसता ओला वाटतो. तुम्ही दोघं आला होतात तेव्हा जून होता, घामाच्या धारा लागल्या होत्या आणि प्रत्येक पुलाआधी 'पूल रस्त्याआधी गोठतो' अशा अर्थाच्या पाट्या बघून तुम्ही विचारलं होतंत, की या लोकांना ऊन लागलंय का. त्याचं उत्तर आता देते. साध्या रस्त्याला खालून जमिनीची ऊब मिळते. पुलाला वरूनही गार वारा आणि खालूनही. त्यामुळे अख्खा रस्ता चांगला असतो आणि पुलावरच्या शंभर फुटांत गाडी गिरकी घेते.

आमचे धाकटे दीर मिनिआपोलिसला असतात. तिथे गुडघाभर बर्फात लोक ऑफिसला जातात, म्हणून तेही तुमच्यासारखेच हसतात. पण गेल्या वर्षी ते इथे असताना थोडा बर्फ झाला, तर गाडीची किल्ली त्यांनी हातात घेतली नाही. म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे बर्फ असतो, तुमच्याकडे बर्फाचं पाणी असतं." कडाक्याच्या थंडीतला कोरडा बर्फ पायाखाली करकरतो, टायर त्याला थोडं तरी धरतं. शून्याच्या आसपासच्या ओल्या बर्फावर धरायला काहीच नाही. शिवाय त्यांच्याकडे बरेच जण हिवाळ्याचे वेगळे टायर चढवतात. आपल्या नेहमीच्या टायरचं रबर साधारण सात अंशांखाली कडक व्हायला लागतं. हिवाळी टायरचं रबर मऊ राहतं, आणि त्याला बारीक बारीक चिरा असतात, त्या बर्फात रुततात. इथे वर्षातून दोन दिवसांसाठी टायरचा दुसरा सेट कोण घेणार? आम्हीही घेतलेला नाही.

आता खरी गोष्ट. शेजारच्या आजी तुम्हाला आठवत असतील, तुम्हाला पीच देऊन गेल्या होत्या त्या. त्या शाळेत शिकवायच्या. २८ जानेवारी २०१४, मंगळवार, हा दिवस त्या अजून तारखेनिशी सांगतात. अंदाज होता की बर्फ शहराच्या दक्षिणेला जास्त पडेल. सकाळी सगळे कामावर गेले, मुलं शाळेत गेली. दुपारच्या सुमाराला भुरभुर सुरू झाली. एकूण पडला अडीच इंचांच्या आसपास, फार नाही. पण तो बघून सरकारी कचेऱ्या, ऑफिसं आणि शाळा सगळ्यांनी एकाच वेळी सोडून दिलं. जा घरी!

बाबा, मी सात वर्षं हिंजवडीत नोकरी केली. संध्याकाळी साडेपाचला ढग भरून आले की तिन्ही फेजमधले लोक 'पावसाआधी निघू या' म्हणून एकदम उठायचे. पाऊस यायच्या आधीच वाकड पुलापर्यंत गाड्यांची भिंत उभी राहायची. पावसाचा त्यात काही दोष नसायचा. अटलांटात त्या दुपारी तेच झालं, फक्त इथे पायाखाली काच होती. चढावर एक गाडी अडकली की मागच्या शंभर थांबल्या. थांबलेली गाडी बर्फावरून पुन्हा उचलत नाही. मोठे कंटेनर हायवेवर आडवे झाले. आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे, रस्त्यावर मीठ-वाळू टाकणारे ट्रक त्याच गर्दीत अडकले. ज्यांनी रस्ता मोकळा करायचा तेच कोंडीत. गणपतीत लक्ष्मी रोडवर फायर ब्रिगेडची गाडी घालून बघा.

लोकांना पंधरा-वीस किलोमीटरला दहा-दहा, बारा-बारा तास लागले. कित्येकांनी गाड्या जिथे होत्या तिथेच सोडल्या आणि चालत निघाले. कुणी औषधांच्या दुकानात झोपले, कुणी हार्डवेअरच्या दुकानात. २८५ नंबरचा जो रिंगरोड आहे, त्यावर एका बाईचं बाळंतपण गाडीतच झालं. नवऱ्याने केलं, मदतीला एक पोलीस. बसमध्ये अडकलेल्या शाळेच्या मुलांना सोडवायला नॅशनल गार्डचे जवान पाठवावे लागले. हजारो मुलं रात्रभर शाळेतच राहिली. आजी त्यांच्यातल्याच साठ मुलांबरोबर होत्या. जिमच्या चटया अंथरल्या, कँटीनमधल्या बाईंनी पॅनकेक केले आणि रात्री दोनपर्यंत आजींनी गोष्टी सांगितल्या. "मुलांची सहल झाली, आईबापांना मात्र झोप नाही," म्हणतात. त्यांचा स्वतःचा मुलगा दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोचला, बूट हातात घेऊन. बूट हातात का, हे मी अजून विचारलेलं नाही.

तेव्हा अख्खा देश अटलांटाला हसला. शिकागोवाल्यांना तर पर्वणीच. पण माझ्या मते ते हसणं बरोबर नव्हतं. या शहरात सरासरी धरली तर वर्षाला दोन इंच बर्फ पडतो, कधी कधी सलग काही वर्षं काहीच नाही. त्यासाठी बर्फ बाजूला सारणाऱ्या शेकडो नांगरगाड्या घेऊन गॅरेजमध्ये गंजत ठेवा असं म्हटलं तर पहिला आक्षेप करदाते घेतील. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र तुम्हाला आठवते ना? अंबिल ओढा घरात शिरला तेव्हा सहकारनगरात होड्या कुणी ठेवल्या होत्या? मात्र जानेवारीत दुपारी बर्फ दिसतोय आणि सगळ्यांना एकाच घटकेला सोडायचं, यात नांगरगाड्यांचा काय संबंध? ती चूक डोक्यातली होती. गव्हर्नरांनी नंतर माफी मागितली.

यंदा बघा. बर्फ शुक्रवारी पहाटे येणार होता, तर गुरुवारीच आणीबाणी जाहीर. शाळा बंद, आमची ऑफिसं घरून. बुधवार-गुरुवारी रस्त्यांवर पांढऱ्या समांतर रेघा दिसायला लागल्या. तुमचा नातू म्हणाला, "रांगोळी!" ते खारं पाणी असतं, टँकरच्या मागच्या नळ्यांमधून सोडतात. आधीच शिंपडलं की बर्फ डांबराला चिकटत नाही. आपण पॉटमध्ये आइस्क्रीम करायचो तेव्हा बर्फात खडेमीठ घालायचो, तीच विद्या. मिठाचं पाणी शून्याला गोठत नाही, त्याला आणखी थंडी लागते. पारा फारच खाली गेला की मिठाचाही जोर चालत नाही, पण अटलांटाला सहसा तेवढं पुरतं. गुरुवारी संध्याकाळी मात्र दुकानांत दूध आणि ब्रेड संपला. इथली रीतच आहे, बर्फाची बातमी आली की दूध-ब्रेड. बर्फात लोक काय फक्त ब्रेड-दूधच खातात, कोण जाणे. आम्ही दही, कोथिंबीर आणि दोन किलो पोहे आणले.

शुक्रवार सुंदर गेला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. दुपारनंतर बर्फाच्या जागी गारठलेला पाऊस आला आणि सगळ्यावर चकचकीत मुलामा चढला.

आता शनिवार. हे पान आईला वाचून दाखवू नका.

शनिवारी अकराच्या सुमाराला लख्ख ऊन पडलं. रस्ता काळाभोर, नुसता ओला दिसत होता. वर एवढं सगळं ज्ञान लिहिलंय ना, ते त्या वेळी कुठे गेलं होतं देव जाणे. पिल्लूचं तापाचं औषध संपलं होतं. आमची गल्ली उताराची, दोन्ही बाजूंना पाइनची झाडं, त्यामुळे मधल्या वळणावर ऊन पोचतच नाही. त्या सावलीत गाडी आली आणि ब्रेकवर पाय ठेवला तर पायाखाली पेडल टरटर थरथरलं, गाडी मात्र आपली चाललीच आहे. खाली स्टॉपची पाटी, पलीकडे मोठा रस्ता.

तुम्हाला आठवतं, चौथीत असताना तुम्ही मला महाबळेश्वरच्या गाडीत इंजिनाच्या झाकणावर शेजारी बसवून नेलं होतंत? पसरणी घाट उतरताना मी विचारलं, की तुम्ही ब्रेक का दाबत नाही. तुम्ही म्हणालात, "ब्रेक थांबायला असतो, उतरायला नाही. ज्या गिअरात चढायचं त्याच गिअरात उतरायचं." मागे बसलेले एक आजोबा म्हणाले, बरोबर आहे. काल नेमकं तेच डोक्यात आलं. पाय ब्रेकवरून काढला. चाकं परत फिरायला लागली आणि स्टिअरिंग ऐकायला लागलं. मग हळूच गिअर 'एल'वर, म्हणजे खालच्या गिअरवर टाकला, उजवी चाकं कडेच्या गवतावर घेतली, आणि पाटीच्या दोन हात अलीकडे गाडी उभी. नवले पुलाच्या उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्या ट्रकवाल्यांना तुम्ही ज्या शिव्या देता, त्या सगळ्या मी मनात म्हणून घेतल्या.

इथवर वाचून खूश झाला असाल तर थांबा. औषध घेऊन परत आले. आता चढ. गती धरून, न थांबता चढायचं एवढं मला माहीत होतं आणि तसं चढतही होते. पण वळणावर गल्लीतली चार पोरं प्लॅस्टिकच्या डब्यांची झाकणं बुडाखाली घेऊन घसरगुंडी खेळत होती. इथे कुणाकडे घसरायची गाडी नसते, मग झाकण, कपड्यांची टोपली, जे मिळेल ते. त्यांच्यासाठी थांबले. पोरं बाजूला झाली, मी ॲक्सिलरेटर दिला, तर पुढची चाकं जागच्या जागी फिरायला लागली आणि गाडी मागे सरकायला लागली. ब्रेक दाबलेला, हँडब्रेक ओढलेला, आणि गाडी अगदी सावकाश, लग्नाच्या वरातीसारखी मागे. मी नुसती प्रवासी. आमची आणि आजींची टपालपेटी एकाच खांबावर आहे. त्या खांबाला टेकून गाडी थांबली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

खांब वाकला, गाडीला एक खळगा. बाकी कुणाला काही नाही. आजी झगा गुंडाळून बाहेर आल्या, खांब बघितला, मला बघितलं आणि म्हणाल्या, गाडी आता वसंत येईपर्यंत इथेच राहू दे. जावई तुमचे घरातून बरणी घेऊन आले आणि चाकांखाली मीठ टाकायला लागले. टाकून झाल्यावर मी बरणी ओळखली. आईने लोणच्यासाठी बांधून दिलेलं खडेमीठ. गाडी हलली, हे सांगायला हवं.

मंगळवारी संक्रांत. इथला हळदीकुंकवाचा बेत पुढच्या शनिवारवर ढकललाय. आईचे तिळाचे लाडू पोचलेत, फुटलेत, पण चव तीच. मीठ कसं संपलं असं तिने विचारलं तर लोणचं जास्त घातलं म्हणा.

इथे पाठवायची पत्रंही घरच्या टपालपेटीत ठेवली की पोस्टमन नेतो, पण खांब वाकल्यामुळे हे पत्र टाकायला मला ऑफिसजवळच्या टपालाच्या निळ्या डब्यापर्यंत जावं लागेल, तेही रस्ता सुकल्यावर. तुम्ही मात्र उत्तर लगेच लिहिलंत तरी चालेल. तुमचं पत्र पुण्याहून इथे पोचेपर्यंत खांब सरळ झालेला असेल.

तुमची,
सोनू