कोपऱ्यावरचा पब

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार, वि. वि.

तू इंग्लंडला येणार हे कळल्यापासून तुला कुठे कुठे न्यायचे याची यादी मी मनात करीत होतो. आता ती बाजूला ठेवून तुला एकाच ठिकाणाविषयी लिहितो. ते म्हणजे लीड्समध्ये माझ्या घराजवळच्या कोपऱ्यावरचा पब. कानठळ्या बसवणारे संगीत आणि दारावरचे धिप्पाड रखवालदार डोळ्यांपुढे आणू नकोस. ठेंगण्या छताची एक खोली, झिजलेली लाकडी बाके, हिवाळ्यात पेटवलेली शेकोटी आणि समोरच्याचे बोलणे नीट ऐकू येईल एवढाच गलका, असा एकूण थाट आहे. कोणी वेटर टेबलाशी येत नाही. काउंटरवर जाऊन मागायचे, तिथेच पैसे द्यायचे आणि काठोकाठ भरलेला ग्लास सांभाळत आपल्या जागेवर आणायचा.

काउंटरवर लांब दांड्यांचे हातपंप असतात. त्यांतून येणाऱ्या बिअरला येथे कास्क एल म्हणतात आणि ती कारखान्यातून निघते तेव्हा पुरती तयार झालेली नसते. पिंपात जिवंत यीस्ट राहिलेले असल्यामुळे पबाच्या तळघरात ती पुन्हा मंदपणे आंबते आणि तिच्यातला सौम्य वायू तिथेच तयार होतो. हे तळघर साधारण ११ ते १३ अंश सेल्सिअसवर राखतात, त्यामुळे बर्फगार लागर बिअरची सवय असलेल्या तुला पहिला घोट कोमट वाटेल आणि तू कुरकुर करशील. खुशाल कर, पण ग्लास अर्धा होईपर्यंत थांब; अति थंडीत जिभेला न जाणवणारी माल्टची (मोड आणून वाळवलेल्या जवाची) गोडी आणि हॉप्स या फुलांचा कडवटपणा या तापमानालाच उलगडत जातो.

खरी गंमत पुढे आहे. पिंप उघडले की आत हवा शिरते आणि तीनेक दिवसांत बिअरची चव उतरू लागते. फर्किन नावाच्या नेहमीच्या पिंपात ९ गॅलन, म्हणजे ७२ पाइंट (येथले नेहमीचे मोठे ग्लास) मावतात. तळाचा गाळ सोडला तरी उरलेली सगळी बिअर पबवाल्याला तेवढ्या दिवसांत खपवावी लागते. म्हणूनच दहा पंप मिरवणाऱ्या रिकाम्या पबात मी पाऊल टाकत नाही. आमच्याकडे पंप तीनच आहेत, परंतु कामावरून परतणारी निम्मी गल्ली रोज तिथे टेकते, आणि ग्लासातला ताजेपणा तळघर सांभाळणाऱ्याइतकाच या शेजाऱ्यांमुळे टिकून आहे. मोठ्या कंपन्यांच्या कारखान्यात गाळलेल्या, वायू भरलेल्या बिअरपुढे ही पद्धत मागे पडू लागली, तेव्हा १९७१ मध्ये चार मित्रांनी तिच्या बचावासाठी ‘काम्रा’ ही चळवळ सुरू केली. तीही इंग्लंडात नव्हे, तर आयर्लंडच्या पश्चिम टोकाच्या एका पबात!

आमच्या भागात, म्हणजे उत्तरेकडच्या यॉर्कशायरमध्ये, पंपाच्या तोंडाशी स्पार्कलर नावाची बारीक भोकांची तोटी लावतात आणि त्यामुळे ग्लासावर सायीसारखा दाट फेस येतो. दक्षिणेकडचे लोक याला नाक मुरडतात. मी मात्र आता पक्का यॉर्कशायरच्या बाजूचा झालो आहे.

तू शाकाहारी आहेस, म्हणून एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. बिअर नितळ व्हावी यासाठी पुष्कळ ठिकाणी पिंपात आयसिंग्लास घालतात, आणि ते माशांच्या हवेच्या पिशवीपासून केलेले असते. ते गाळाबरोबर तळाशी बसते हे खरे, तरी तुला ते रुचणार नाही. त्याशिवाय केलेली, किंचित गढूळ बिअरही मिळते. काउंटरवर निःसंकोच विचार. विनंती केली तर दोन घोट चाखायलाही देतात.

खाण्यासाठी तुला प्लाउमन्स लंच मागवीन: जाड पाव, चेडर चीज, आंबटगोड लोणचे आणि कांदा. नाव नांगरकऱ्याचे असले तरी आजच्या रूपातला हा पदार्थ १९५० आणि ६० च्या दशकांत चीजचा खप वाढावा म्हणून जाहिरातींतून लोकप्रिय करण्यात आला. फसवणूक म्हण हवी तर, पण साडेतीन-चार टक्के अल्कोहोलच्या ‘बिटर’ या कडवट बिअरबरोबर तो इतका जमतो की मी ती केव्हाच माफ केली आहे. मटण भरून भाजलेली पेस्ट्री, जिला येथे ‘पाय’ म्हणतात, ती मी खाईन. चिप्स, म्हणजे बटाट्याचे तळलेले जाड काप, दोघांत मिळून.

पैशांवरून मात्र भांडू नकोस. येथे आळीपाळीने सगळ्यांसाठी मागवण्याची रीत आहे. पहिला राउंड माझा, दुसरा तुझा. रविवारी दुपारी टेबल आधी सांगून ठेवावे लागते, तेव्हा तिकीट पक्के होताच तारीख कळव.

तुझाच,
जुना मित्र